आगीशी मस्ती आणि कायदा : फटाका, लायटर आणि रीलच्या नादात मुलांवर काय काय ओढवू शकतं

१२ नोव्हेंबर २०२३, दिवाळीची रात्र. ‘टायगर ३’ त्याच दिवशी लागला होता. मालेगावच्या मोहन सिनेमागृहात पडद्यावर सलमान खान दिसला आणि भरलेल्या थिएटरातच काही पोरांनी फटाके आणि रॉकेट पेटवले. ठिणग्या खुर्च्यांवर, लोकांच्या डोक्यावर. माणसं वाट मिळेल तिकडे पळाली. व्हिडिओ देशभर फिरला, पोलिसांनी गुन्हा दाखल केला, आणि खुद्द सलमान खानने समाजमाध्यमावर लिहून चाहत्यांना सांगितलं की स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालू नका. त्या रात्री कुणाचा जीव गेला नाही. बंद थिएटरात आग आणि धूर काय करतो हे ज्यांना माहीत नाही त्यांनी दिल्लीच्या ‘उपहार’ सिनेमागृहाची आठवण काढावी. १३ जून १९९७ रोजी तिथे ५९ माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून. तिथे आग ट्रान्सफॉर्मरमुळे लागली होती, कुणाच्या मस्तीमुळे नाही. पण धुराला आग कशी लागली याच्याशी काही घेणंदेणं नसतं.

आम्ही शाळेत शिकवतो. शब-ए-बरात, दिवाळी, लग्नसराई, दहावीचा शेवटचा पेपर, या दिवसांनंतर मोहल्ल्यात एखादा तरी बाप आम्हाला गाठतो आणि म्हणतो, “पोरं आहेत, मस्ती केली, त्यात केस कशाला?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र दोन वाक्यांत देता येत नाही. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबलेले लोकही गोंधळतात.

समजून घ्यायला एक कल्पित प्रसंग घेऊ. शब-ए-बरातची रात्र. तीन मुलं. एक एकोणीस वर्षांचा, एक सोळाचा, एक अकराचा. रस्त्याच्या कडेला ताडपत्री टाकलेली हातगाडी उभी आहे. थोरला सुतळी बॉम्ब आणतो, सोळाचा मोबाईल धरतो, आणि “टाक रे, काही होत नाही” म्हणत थोरला तो बॉम्ब धाकट्याच्या हातून ताडपत्रीखाली टाकून घेतो. हातगाडी पेटते. शेजारी गादीवाल्याचं कापसाचं दुकान. वर पोटमाळ्यावर त्याचं कुटुंब झोपलेलं. दुकान जळतं, कुटुंब वाचतं, पण गादीवाल्याचे दोन्ही हात भाजतात.

आता कायदा काय बघतो ते पाहू.

निष्काळजीपणा की माहीत असून केलेलं?

सगळा फरक इथेच आहे. आगीच्या बाबतीत पोरांनी “मुद्दाम नाही केलं” म्हटलं की घरच्यांना वाटतं सुटलो. कायद्यात मात्र ‘मुद्दाम’ आणि ‘चुकून’ यांच्या मध्ये आणखी एक पायरी असते, ती म्हणजे ‘असं होण्याची शक्यता आहे हे माहीत असणं’. घर जाळायचा इरादा नव्हता, पण ताडपत्रीखाली बॉम्ब टाकला तर ती पेटेल हे कुणालाही कळतं, तर मग ते नुसतं निष्काळजी वागणं राहत नाही.

सगळ्यात खालच्या पायरीवर कलम २८७ आहे. आग किंवा ज्वालाग्राही पदार्थ बेफिकिरीने हाताळून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्फोटक पदार्थ असेल तर कलम २८८, कैद तेवढीच, दंड पाच हजारांपर्यंत. इथे काही जळलंच पाहिजे असंही नाही. धोका निर्माण झाला एवढं पुरतं. मालेगावसारख्या प्रसंगात कुणी जखमी झालं नाही म्हणून गुन्हा घडलाच नाही, असं म्हणता येत नाही ते यामुळे.

कलम १२५ त्याच्या शेजारचं. बेदरकार कृतीने दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणली तर तीन महिने, दुखापत झाली तर सहा महिने, गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद. ‘गंभीर दुखापत’ हा शब्द बोलीतला नाही, त्याची व्याख्या कलम ११६ मध्ये आहे. डोळा कायमचा जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, किंवा पंधरा दिवस माणसाला रोजचं काम करता न येणं. जुन्या कायद्यात हे वीस दिवस होते. गादीवाल्याचे हात भाजले आणि तो पंधरा दिवस सुई धरू शकला नाही, तर ती कायद्याने गंभीर दुखापत आहे.

माहीत असून किंवा जाणूनबुजून दुसऱ्याच्या मालाचं नुकसान करणं याला कायद्याच्या मराठीत ‘आगळीक’ म्हणतात. साधी आगळीक कलम ३२४ मध्ये येते आणि तिथे शिक्षा नुकसानीच्या रकमेवर चढते. वीस हजार ते एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत, लाख किंवा अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत. पण तीच आगळीक आगीने केली की माणूस कलम ३२६ मध्ये जातो, आणि तिथे हिशेबच वेगळा. ३२६ च्या ‘एफ’ खंडानुसार आगीने किंवा स्फोटकाने कुठल्याही मालमत्तेचं नुकसान केलं तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या कलम ४३५ मध्ये किमान शंभर रुपयांचं नुकसान अशी अट होती, शेतमालाला दहा रुपयांची. आता रकमेची अट राहिलेली नाही. म्हणजे शेजाऱ्याची पाच हजारांची हातगाडी काठीने मोडली तर सहा महिन्यांपर्यंतची गोष्ट, आणि तीच पेटवली तर सात वर्षांपर्यंतची. दोन्हीत नुकसान सारखंच. पण आग एकदा लागली की कुठे थांबेल ते लावणाऱ्याच्या हातात नसतं, म्हणून कायदा तिच्याकडे असं बघतो. हे आम्हाला पटतं.

त्याच कलमाचा ‘जी’ खंड सर्वांत जड. राहतं घर, माल साठवण्याची इमारत किंवा प्रार्थनास्थळ आगीने नष्ट करणं, किंवा असं होण्याची शक्यता माहीत असून आग लावणं. शिक्षा जन्मठेप, किंवा दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हा अजामीनपात्र गुन्हा आहे आणि खटला सत्र न्यायालयात चालतो. आमच्या प्रसंगातल्या दुकानावर पोटमाळा होता, तिथे माणसं राहत होती. पोरांना ते माहीत होतं का, यावर वकील महिनोन्‌महिने भांडतील. मोहल्ल्यातलीच पोरं, रोज त्याच दुकानासमोरून जाणारी. माहीत नव्हतं असं सांगणं सोपं नाही.

माणूस दगावला तर? निष्काळजीपणाने मृत्यू, कलम १०६, पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या ३०४-अ मध्ये दोनच वर्षं होती, हा बदल पुष्कळांना ठाऊक नाही. आणि मृत्यूची शक्यता माहीत होती असं ठरलं तर कलम १०५, सदोष मनुष्यवध, दहा वर्षांपर्यंत.

बंगळुरूत २०२४ च्या दिवाळीत काय झालं ते वाचकांना आठवत असेल. ३१ ऑक्टोबरच्या रात्री मित्रांनी एका ३२ वर्षांच्या माणसाशी पैज लावली, पेटवलेल्या फटाक्यांच्या डब्यावर बसून दाखव, नवी रिक्षा घेऊन देतो. तो बसला. स्फोट झाला, आणि २ नोव्हेंबरला तो गेला. त्याच्या सहा मित्रांना अटक झाली. आपणहून बसला ना तो, मग मित्रांचा काय दोष, असं तेव्हा पुष्कळ जण म्हणाले. संमतीचा बचाव कायद्यात आहे, कलम २५ मध्ये. पण तो अठरा वर्षांवरच्या माणसाच्या संमतीला लागू होतो, आणि तोही कृती अशी असेल जिच्यात मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचा इरादा नाही आणि तशी शक्यता करणाऱ्यालाही माहीत नाही. कुस्ती, तलवारबाजीचा सराव, हे त्यात बसतं. फटाक्यांच्या डब्यावर बसवणं बसेल असं आम्हाला वाटत नाही. वाढदिवसाला मित्राच्या तोंडाला फोम फासून मेणबत्ती जवळ नेणं, डिओडरंटच्या फवाऱ्यावर लायटर धरणं, हेही याच तराजूत तोलायचं. आगीने किंवा गरम पदार्थाने जाणूनबुजून दुखापत केली तर कलम ११८ वेगळंच आहे. साध्या दुखापतीला तीन वर्षांपर्यंत, गंभीर दुखापतीला किमान एक वर्ष आणि कमाल जन्मठेप.

मी फक्त व्हिडिओ काढत होतो

आमच्या अनुभवात सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. नुसतं उभं राहून बघणं, अगदी मोबाईलवर टिपणंसुद्धा, आपोआप गुन्हा होत नाही. पण “टाक, टाक” म्हणून चिथावलं, फटाका आणून दिला, कोण येतंय का ते पाहत राहिला, की कलम ३ चं पोटकलम ५ पुढे येतं. सगळ्यांचा इरादा एक असेल तर एकाने केलेलं सगळ्यांनी केलेलं. पाच किंवा जास्त जण असतील आणि वातावरण तापलेलं असेल तर बेकायदा जमावाची कलमंही लागू शकतात, आणि मग घोळक्यात असणं हेच पुरावा म्हणून मांडलं जातं. टायर जाळणं किंवा मिरवणुकीच्या वाटेवर फटाका फेकणं हे एरवी कदाचित दंडावर निभावलं असतं, पण तणावाच्या दिवसात ते दंगलीच्या गुन्ह्यात जाऊ शकतं. आपल्या वस्त्यांतल्या पालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. पोरांना गंमत वाटते, पण पंचनामा करणारा त्याकडे गंमत म्हणून बघेलच असं नाही.

व्हिडिओ स्वतःच पुरावा बनतो. मग भीतीपोटी घरातला मोठा भाऊ तो पुसून टाकायला सांगतो. इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात सादर होऊ नये म्हणून ती नष्ट करणं हा कलम २४१ खाली वेगळा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. पुसलेला व्हिडिओ दहा ग्रुपवर आधीच पोचलेला असतो ती गोष्ट निराळी.

आणि आमच्या प्रसंगातला एकोणीस वर्षांचा? त्याने बॉम्ब धाकट्याच्या हातून टाकून घेतला. पोरगा लहान आहे, त्याला कोण काय करणार, हा त्याचा हिशेब. हा हिशेब पार उलटतो. अठरा वर्षांखालच्या मुलाकडून गुन्हा करवून घेणाऱ्यासाठी कलम ९५ आहे. किमान तीन आणि कमाल दहा वर्षं कैद, शिवाय गुन्हा घडला तर तो स्वतःच केला असं धरून त्याचीही शिक्षा. भाच्या-पुतण्यांच्या हाती फटाका देऊन मजा बघणाऱ्या चाचा-मामूंनी हे एकदा वाचून ठेवायला हरकत नाही.

अकरा, सोळा, एकोणीस

सात वर्षांखालच्या मुलाची कुठलीही कृती गुन्हा नाही, कलम २०. सात ते बारा या वयात मुलाला आपण काय करतोय आणि त्याचा परिणाम काय, हे कळण्याइतकी समज नव्हती असं दिसलं तर तोही सुटतो, कलम २१. अकराचा पोरगा इथे बसू शकतो. मात्र आपोआप नाही, समज होती की नव्हती ते पाहिलं जातं.

सोळाच्याचं प्रकरण बाल न्याय अधिनियम २०१५ खाली जातं. अठरा पूर्ण होईपर्यंत तो ‘विधीसंघर्षग्रस्त बालक’, आरोपी नाही. वय मोजायचं ते घटनेच्या दिवशीचं. चौकशी चालू असताना तो अठराचा झाला तरी प्रकरण बाल न्याय मंडळातच राहतं. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक महिला.

सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर मोठ्यांसारखा खटला चालतो, असं निर्भया प्रकरणानंतर सगळ्यांच्या मनात बसलं आहे. ते अर्धंच खरं. तसा विचार फक्त ‘निर्घृण’ गुन्ह्यात होतो, आणि निर्घृण म्हणजे ज्याची किमान शिक्षा सात वर्षं किंवा अधिक आहे असा गुन्हा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात हे स्पष्ट केलं आणि २०२१ च्या दुरुस्तीने ते कायद्यातच आलं. ३२६ च्या ‘जी’ खंडात जन्मठेप असली तरी सात वर्षांची किमान शिक्षा नाही. १०५ आणि ११८ मध्येही नाही. म्हणजे खुनाचं कलम लागलं नाही तर आगीच्या मस्तीत सापडलेला सोळा-सतराचा मुलगा मंडळासमोरच राहतो. तिथे कमाल म्हणजे तीन वर्षं विशेष गृह. त्याआधीच्या वाटा पुष्कळ आहेत. समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवा, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर परिवीक्षा, आणि दंड. हा दंड मंडळ आईवडिलांना भरायला लावू शकतं.

एकोणीसचा मात्र सरळ मोठ्यांच्या न्यायालयात. त्याच्यासाठीही एक दार आहे, ज्याची आपल्याकडे फार कमी वकील आठवण करून देतात. १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम. त्याच्या कलम ६ नुसार एकवीस वर्षांखालच्या दोषीला, गुन्हा जन्मठेपेच्या शिक्षेचा नसेल तर, तुरुंगात पाठवायचं झाल्यास न्यायालयाने तशी कारणं लिहावी लागतात. म्हणजे ३२६ ‘एफ’मध्ये हे दार उघडं आहे, ‘जी’मध्ये बंद. दोन खंडांमधला हा फरक एखाद्या पोराच्या आयुष्याची दिशा ठरवू शकतो, म्हणून आरोपपत्रात नेमका कुठला खंड लावलाय ते घरच्यांनी वकिलाला पहिल्याच भेटीत विचारावं.

पोलीस दारात आले तर

अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. एका रात्रीसाठी नाही, एका तासासाठीही नाही. त्याला विशेष बाल पोलीस पथकाच्या किंवा बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यायचं, आईवडिलांना कळवायचं, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मंडळापुढे न्यायचं. बेडी नाही. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे गुन्हा निर्घृण नसेल आणि त्यात मोठी माणसं सामील नसतील तर एफआयआरऐवजी स्टेशन डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे जातो. जामीन हा नियम आहे. मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल, असं सबळ कारण असेल तरच नाकारता येतो. आगळीक किती मोठी हा प्रश्न त्यात येत नाही.

मुलाला साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर आणखी एक गोष्ट. पंधरा वर्षांखालच्या मुलाला, तसंच कुठल्याही स्त्रीला, साक्षीसाठी ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, पोलिसांनी घरी येऊन विचारायचं असतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. हे शांतपणे, अदबीने सांगावं. आवाज चढवून काही मिळत नाही.

मोठ्या मुलाच्या बाबतीत सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. अटकेची गरज का आहे ते पोलिसांनी नोंदवायचं असतं. गरज नसेल तर कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस देतात. अशी नोटीस आली की काही घरं मुलाला रातोरात दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे धाडतात. याहून वाईट सल्ला नाही. नोटीस पाळली तर अटक सहसा टळते, आणि मोडली की अटकेचं कारण आपणच हातात देतो.

मूल स्वतः भाजलं असेल तर इस्पितळात खरं सांगा. भाजलेल्या रुग्णाची वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते, ज्याला सगळे ‘एमएलसी’ म्हणतात, आणि पोलिसांना कळवलं जातं. “स्टोव्हवर भाजला” असं सांगितलं आणि दोन दिवसांनी व्हिडिओ निघाला, की घरचेही खोटे ठरतात. भाजल्या जागी टूथपेस्ट, तूप, हळद काही लावू नका, वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. हे कायद्यात नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मुलांना, महिलांना आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. मुलांसाठी १०९८.

जमातीत तडजोड झाली, मग?

आपल्याकडे बहुतेक प्रकरणं ठाण्यापर्यंत जात नाहीत. मस्जिदीचे ट्रस्टी, दोन बुजुर्ग, गादीवाला आणि मुलांचे बाप बसतात, नुकसान भरून देतात, गळाभेट होते. चांगली रीत आहे. पण गुन्हा एकदा नोंदला गेला की ती बैठक पुरत नाही. साधी आगळीक, ज्यात फक्त खाजगी माणसाचं नुकसान आहे, ती आपसात मिटवता येते. ३२६ मात्र मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. फिर्यादीने “मला तक्रार नाही” लिहून दिलं तरी खटला चालूच राहतो, आणि तो रद्द करायचा तर उच्च न्यायालयात जावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या ग्यानसिंग निकालात वैयक्तिक स्वरूपाच्या वादात अशी वाट मोकळी ठेवली आहे, पण निर्णय न्यायालयाच्या विवेकावर. तोवर तारखा. तडजोड लेखी करावी, भरपाई बँकेतून द्यावी, पावती ठेवावी. नोटांची गड्डी तोंडी वायद्यावर दिली तर उद्या तिचा पुरावा कुठून आणणार?

सरकारी माल असेल तर तडजोडीचा प्रश्नच उरत नाही. एसटी बस, जिल्हा परिषद शाळेचे बाक, नगरपालिकेची कचरापेटी, विजेचा डीपी. १९८४ चा सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध अधिनियम यांना लागतो, आणि आगीने नुकसान केलं तर किमान एक वर्ष आणि कमाल दहा वर्षं सक्तमजुरी. परीक्षा संपल्याच्या आनंदात वर्गात वह्या पेटवणाऱ्यांनी कोणाचे बाक जळतात ते बघावं. लोकल ट्रेनमध्ये फटाके घेऊन चढणं हासुद्धा रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा, तो फटाका फुटो न फुटो.

पैशाची बाजू परदेशात किती लांब जाते त्याचं एक उदाहरण. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात २ सप्टेंबर २०१७ रोजी पंधरा वर्षांच्या मुलाने मित्रांसोबत फिरताना ईगल क्रीकच्या दरीत पेटता फटाका टाकला. कोरडं जंगल होतं. जवळपास ४८ हजार एकर जळलं, गिर्यारोहक अडकले, महामार्ग बंद पडला. त्याला पाच वर्षं परिवीक्षा, वन विभागाकडे १,९२० तास काम, माफीची पत्रं लिहिण्याची शिक्षा झाली, आणि २०१८ मध्ये ३ कोटी ६६ लाख डॉलरहून अधिक भरपाईचा आदेश. अर्थात एवढी रक्कम कुठला मुलगा भरणार? न्यायालयाने हप्त्यांची सोय ठेवली, आणि दहा वर्षं नीट वागला तर हप्ते थांबवता येतील असंही. आपल्याकडे मंडळ असा आकडा लावत नाही. पण नुकसान झालेला माणूस दिवाणी न्यायालयात वेगळा दावा करू शकतो. बाप केवळ बाप आहे म्हणून आपोआप जबाबदार धरला जात नाही, पण फटाक्यांचं खोकं त्यानेच आणून पोरांच्या हवाली केलं असेल तर त्याचा स्वतःचा निष्काळजीपणा तपासला जातो.

नोकरी, पासपोर्ट आणि शाळेचा दाखला

पालकांची खरी भीती इथे असते. तुरुंगापेक्षा “पोराचं करिअर” ही काळजी मोठी. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी कायदा या बाबतीत उदार आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ नुसार मंडळाने दोषी धरलं तरी ती पुढे अपात्रता ठरत नाही. अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या, आदर्श नियमांत सात वर्षांच्या पुढे ठेवायच्या नाहीत. कलम ७४ नुसार प्रकरण संपलेलं असेल तर पोलिसांनी चारित्र्य पडताळणीसाठीही ती माहिती द्यायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रमेश बिश्नोई प्रकरणात अल्पवयातल्या गुन्ह्यावरून सरकारी नोकरी नाकारता येत नाही असं म्हटलं. त्याच कलम ७४ खाली अशा मुलाचं नाव, फोटो, शाळा छापणं गुन्हा आहे, सहा महिने कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सअ‍ॅपवर “हाच तो पोरगा” म्हणून फोटो फिरवणारे शेजारीही यात येऊ शकतात. गादीवाल्याच्या नातेवाइकांचा राग समजू शकतो, पण तो या वाटेने काढू नये.

अठरा ओलांडलेल्याला हे संरक्षण नाही. नोकरीच्या अर्जात ‘तुमच्यावर गुन्हा नोंद आहे का’ हा रकाना येतो आणि पोरं तो रिकामा सोडतात. २०१६ च्या अवतारसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माहिती लपवणं हेच नोकरी जाण्याचं कारण ठरू शकतं. तरुण वयातलं किरकोळ प्रकरण असेल आणि ते खरं सांगितलं असेल तर नोकरी देणारा समजून घेऊ शकतो, त्याला तसा अधिकार आहे. म्हणजे किरकोळ केस असली तरी रकान्यात लिहावीच.

शेवटी कागद. सोळाचा आहे की अठराचा हे कोण ठरवतं? अधिनियमाच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार कार्ड या क्रमात नाही. आमच्या शाळेत अजूनही पहिलीच्या प्रवेशाला अंदाजे ‘१ जून’ जन्मतारीख लिहून देणारे पालक येतात. जन्मदाखल्यावर ऑगस्ट असतो, शाळेत जून लागतो, आणि मुलगा कागदावर दोन महिने मोठा होतो. साडेसतरा आणि अठराच्या मधल्या पोरासाठी ते दोन महिने म्हणजे बाल न्याय मंडळ की सत्र न्यायालय, एवढा फरक आहे. जन्मतारीख चुकली असेल तर मुलगा शाळेत शिकत असतानाच मुख्याध्यापकांकडे जन्मदाखल्याच्या प्रतीसह अर्ज द्यावा. शाळा सोडल्यानंतर दुरुस्ती फार अवघड होते.